दोन्ही कार्डांवर ३५८४ कोअर, मग नव्याचे दुप्पट पैसे कशाचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आय५-८४००, १६ जीबी रॅम, १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, ५०० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि १०८०पी मॉनिटर असा पीसी आहे. गेम खेळता, आणि आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला असल्यामुळे ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडरही (मॉडेलची पक्की चित्रं) काढता. आता कार्ड बदलायचंय. एका ओळखीच्या माणसाकडे वापरलेलं जीटीएक्स १०८० टीआय १३ हजारांत मिळतंय, आणि दुकानात नवं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं, जवळपास दुप्पट किमतीत. दोन्हींच्या माहितीपत्रकात कुडा कोअर (गणितं करणारे छोटे भाग) ३५८४ च लिहिलेत. उलट जुन्याची मेमरी बस (मेमरीकडे जायचा रस्ता) ३५२ बिटची आणि नव्याची फक्त १९२ ची. मग जुनंच भारी नाही का?

हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी माझ्या टेबलावर येतो. पीसी असेंबल करणं आणि बंद पडलेली कार्डं उघडून बघणं यात माझी अठरा वर्षं गेली. तुमचे आकडे अगदी बरोबर आहेत. गडबड झालीय ती ते आकडे शेजारीशेजारी मांडण्यात. घरातले काका सांगतात ना, "आमच्या वेळी मला दहावीला ७२ टक्के होते" आणि पुतण्याला ९४ पडलेले असतात. दोघांत हुशार कोण ते त्या दोन आकड्यांवरून ठरत नाही, कारण पेपर वेगळे आणि तपासणारेही वेगळे. एकाच वर्षाच्या, एकाच बोर्डाच्या दोन मुलांचे मार्क मात्र खुशाल ताडून बघावेत. कार्डांचंही तसंच. एका पिढीच्या आत कोअर, बस, टेराफ्लॉप (सेकंदाला किती लाख कोटी गणितं) हे आकडे उपयोगाचे; पिढी बदलली की त्यांचा अर्थच बदलतो.

१०८० टीआय मार्च २०१७ चं, पास्कल पिढीतलं. ३०६० फेब्रुवारी २०२१ चं, अँपिअर पिढीतलं. मध्ये ट्युरिंग ही एक आख्खी पिढी होऊन गेली. पास्कलमध्ये दशांशाची आणि पूर्णांकांची गणितं एकाच कोअरमधून जायची. ट्युरिंगमध्ये पूर्णांकांसाठी शेजारी वेगळी वाट काढली. ही कार्डं काढणाऱ्या एनव्हिडियानेच त्या वेळी सांगितलं होतं की गेममध्ये दशांशाच्या दर १०० सूचनांमागे पूर्णांकाच्या साधारण ३६ असतात. मग अँपिअरमध्ये त्या शेजारच्या वाटेलाही गरजेप्रमाणे दशांशाची गणितं करायला शिकवलं, आणि मोजताना दोन्ही वाटा 'कोअर' म्हणून धरल्या. म्हणजे ३०६० च्या ३५८४ पैकी निम्मे कोअर फक्त दशांशाचे, आणि उरलेले निम्मे कधी हे तर कधी ते करणारे. १०८० टीआयचे ३५८४ वेगळ्या पद्धतीने मोजलेले. आकडा एकच निघाला हा निव्वळ योगायोग.

हा मोजणीचा खेळ किती फसवा आहे ते बघायचं तर ३०६० त्याच्याच थोरल्या भावाशेजारी ठेवा. आरटीएक्स २०६० मध्ये १९२० कोअर आणि साधारण ६.५ टेराफ्लॉप. ३०६० मध्ये ३५८४ कोअर आणि १२.७ टेराफ्लॉप. कागदावर जवळजवळ दुप्पट. गेममध्ये मात्र फरक पंधरा-वीस टक्क्यांच्या आसपास. दुप्पट वाचून २०६० विकायला निघालेली बरीच मंडळी मी परत पाठवलीत.

बसचंही तसंच. १०८० टीआयची ३५२ बिटची बस सेकंदाला ४८४ जीबी डेटा हलवते, ३०६० ची १९२ बिटची ३६० जीबी. ही तफावत खरी आहे आणि जुन्या गेममध्ये मोठ्या रिझोल्यूशनला ती जाणवतेही. पण नुसत्या बसवर जायचं तर त्यापुढच्या पिढीचं आरटीएक्स ४०६० बघा. बस १२८ बिटची, २७२ जीबी, कोअरही कमी, ३०७२. तरी ते ३०६० च्या पुढे पळतं. कारण चिपच्या आतच २४ एमबीचा एल२ कॅश दिलाय (३०६० ला ३ एमबी होता), त्यामुळे मेमरीकडे हेलपाटे कमी पडतात, आणि चिपचं घड्याळही (सेकंदाला पडणारे ठोके) बरंच वेगाने चालतं. कोठार लांब असेल तर रस्ता रुंद लागतो. फडताळातच माल असेल तर बोळ चालतो. पण फडताळात न मावणारं काम आलं की तो बोळ अडवतोच, हेही विसरू नका.

आता सरळ वेगाचं बोलू. साधारण २०२० पर्यंतचे गेम घेतले तर ही दोन कार्डं १०८०पीला जवळपास बरोबरीने चालतात, काही ठिकाणी १०८० टीआय थोडं पुढेच असतं. तेव्हा 'जुनं म्हणजे हळू' असं म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. माझ्या मते हे कार्ड एनव्हिडियाने हात सैल सोडून बनवलेल्या मोजक्या कार्डांपैकी एक आहे. ६९९ डॉलरला विकलं गेलेलं वरच्या वर्गातलं कार्ड चार वर्षांनी ३२९ डॉलरच्या मधल्या कार्डाला टक्कर देतं, यात नवल काही नाही.

पण जुनं कार्ड म्हातारं होतं ते वेगाने नाही. त्याला नव्या गोष्टी कळेनाशा होतात, आणि ज्या दिवशी कळत नाहीत त्या दिवशी ते दहा-वीस टक्के मागे पडत नाही, एकदम आडवंच होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'ॲलन वेक २' आला, तो मेश शेडर (आकार रेखण्याची नवी पद्धत) गृहीत धरून लिहिलेला. पास्कलमध्ये मेश शेडर नाहीत. इतर गेममध्ये ३०६० च्या खांद्याला खांदा लावणारं १०८० टीआय तिथे दयनीय आकड्यांवर घसरलं. पुढे अपडेटने थोडं सावरलं, पण बरोबरी संपली ती संपलीच. डिसेंबर २०२४ चा 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि मे २०२५ चा 'डूम: द डार्क एजेस' यांना तर रे ट्रेसिंगचं (प्रकाशाच्या किरणांचा माग काढायचं) हार्डवेअर असलेलंच कार्ड लागतं. तिथे १०८० टीआयचा वेग किती हा प्रश्नच उरत नाही.

दुसरी गोष्ट ड्रायव्हरची. ऑक्टोबर २०२५ नंतर एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कल कार्डांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर बंद केले. ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला सुरक्षेचे अपडेट येतील, बस. आज चालणारे गेम उद्या बंद पडणार नाहीत. पण उद्याच्या गेममध्ये काही अडलं, तर ते सोडवायला तिकडे आता कोणी बसलेलं नाही. कुडाची, म्हणजे कार्डाकडून गणितं करून घेणाऱ्या एनव्हिडियाच्या सॉफ्टवेअरची, १३ वी आवृत्तीही पास्कलला सोडून पुढे गेली आहे. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एआयचं काही करून बघायचं मनात असेल तर हेही धरा: १०८० टीआयमध्ये एआयच्या गणितांसाठीचे टेन्सर कोअर नाहीत, आणि १६ बिटची गणितं ते ३२ बिटच्या चौसष्टाव्या हिश्श्याने करतं. म्हणजे नसल्यात जमा.

आणि तिसरी गोष्ट, जी तुमच्या बाबतीत मला सगळ्यात मोठी वाटते: ब्लेंडर. तुम्ही प्रश्नात ते शेवटी, जाता जाता लिहिलंत. मी ते पहिलं धरतो. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये ३०६० एनव्हिडियाचं ऑप्टिक्स वापरतं आणि किरण कुठे आपटतो हे शोधायचं काम त्याचे आरटी कोअर करतात. १०८० टीआय तेच काम साध्या कोअरकडून करून घेतं. त्यामुळे गेममध्ये बरोबरीत असलेली ही दोन कार्डं रेंडरमध्ये बरोबरीत राहत नाहीत. ३०६० दुपटीहून वेगाने पळतं. घराच्या आतल्या एखाद्या दृश्याला जुनं दहा मिनिटं घेत असेल तर नवं चार-पाच मिनिटांत मोकळं होतं. सबमिशनच्या आदल्या रात्री, सहा व्ह्यू रेंडरला लावलेले असताना, या फरकाला किती किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा. व्हीरॅम (कार्डावरची मेमरी) ११ आणि १२ जीबी म्हणजे त्या बाबतीत दोघं सारखेच. झाडं-गवत भरलेला सीन १०५० टीआयच्या ४ जीबीत मावत नसेल तर तो या दोन्हींत बहुतेक मावेल. मेमरीत मावलं नाही की कार्ड सिस्टिमच्या रॅममधून ओढाताण करतं आणि वेग कोसळतो. म्हणूनच ८ जीबीचं ४०६० गेमला पुढे असूनही तुम्हाला मी चटकन सुचवत नाही.

युट्यूबवरच्या तुलनांबद्दल विचारलंत. सरासरी एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम) मोठा आकडा बघू नका, त्याखाली बारीक अक्षरात '१% लो' (सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा वेग) लिहिलेलं असतं ते बघा. सरासरी ८० आणि १% लो ३० असेल तर हाताला तो गेम अडखळतच लागतो. डीएलएसएस (लहान चित्र काढून मोठं करण्याचं एनव्हिडियाचं तंत्र) किंवा फ्रेम जनरेशन (मध्ये कृत्रिम फ्रेम घालणं) चालू ठेवून आकडे घेतलेत का तेही तपासा. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या मंचावरून एनव्हिडियाचे जेन्सन हुआंग यांनी आरटीएक्स ५०७० मध्ये आधीच्या पिढीतल्या सर्वात वरच्या ४०९० ची कामगिरी मिळेल असं सांगितलं होतं. तो हिशोब कृत्रिमरीत्या मध्ये घातलेल्या फ्रेम धरून होता. त्या काढल्या तर दोन्ही कार्डं एका पंगतीत बसत नाहीत. डीएलएसएसमधलं अपस्केलिंग मात्र ३०६० ला मिळतं, १०८० टीआयला नाही. ते वाईटही नाही, पण १०८०पीला 'क्वालिटी'वर ठेवलं तरी आतून चित्र १२८० बाय ७२० चंच काढलेलं असतं. ते चित्र चालतंय का हे स्वतःच्या मॉनिटरवर बघून ठरवा. एएमडीचं तसंच तंत्र म्हणजे एफएसआर, त्याच्या जुन्या आवृत्त्या दोन्हींवर चालतात. आणि ज्या व्हिडिओत कोणाचा हात, टेबल, उघडं कॅबिनेट काहीच दिसत नाही, फक्त दोन खिडक्या आणि आकडे नाचतात, तो मी बघतच नाही.

एक प्रयोग मात्र पैसे देण्याआधी घरीच करा. जो गेम जास्त खेळता त्यात रिझोल्यूशन ७२०पीला आणा, सगळं 'लो' करा. एफपीएस भराभर वाढले तर कार्ड अडवत होतं. तिथल्या तिथेच राहिले तर प्रोसेसर अडवतोय, आणि मग कुठलंही कार्ड आणलंत तरी त्या गेममध्ये फरक पडणार नाही. ८४०० अजून बरा आहे, पण व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये या दोन्ही कार्डांवर तुम्हाला जवळपास सारखाच आकडा दिसेल, कारण तिथे वेळ प्रोसेसरच खातो. रॅमच्या दोन कांड्या आहेत की एकच सोळाची, हेही बघून ठेवा. एकच असेल तर प्रोसेसरला मेमरीची एकच वाट मिळते, तेव्हा आधी दोन कांड्यांचा खर्च. कार्डाच्या मानाने किरकोळ आहे.

आता ते १३ हजारांचं कार्ड. ओळखीचा माणूस म्हणजे तपासणी माफ, असं करू नका. २०१७-१८ मध्ये यातली पुष्कळ कार्डं माइनिंगला, म्हणजे क्रिप्टो नाणी काढायला, जुंपलेली होती. तो शिक्का म्हणजे कार्ड टाकाऊच, असं मी म्हणत नाही. स्थिर तापमानाला सलग चाललेलं कार्ड कधीकधी धुळीने भरलेल्या कॅबिनेटमध्ये रोज तापून-गार होणाऱ्या कार्डापेक्षा चांगलं निघतं. पंखे मात्र झिजलेले असतात. बोटाने पंखा हलकेच फिरवा. बेअरिंग गेलेलं असेल तर तो खरखरतो किंवा पटकन थांबतो. मागच्या महिन्यात असंच एक १०८० टीआय आलं होतं. बाहेरून चकाचक. गेम लावला तर सातव्या मिनिटाला ८४ अंश, घड्याळ खाली, पंखे किंचाळायला लागले. हीटसिंक काढला तर थर्मल पेस्ट वाळलेल्या पिठल्यासारखी, नखाने खरवडली तर भुगा पडला. मेमरीवरच्या पॅडमधून तेल सुटून बोर्डावर ओघळ आलेले. नवी पेस्ट, नवे पॅड घातले आणि तेच कार्ड सत्तरीच्या आत आलं. म्हणजे दोष दुरुस्त होण्यातला होता. पण तो खर्च आणि तो दिवस किमतीत धरायला हवा, आणि सगळ्यांचं नशीब पॅडवर निभावत नाही. मेमरीची चिप गेली की स्क्रीनवर रंगीत ठिपके येतात, आणि मग गरम करून 'बरं' केलेलं कार्ड दोन महिन्यांनी पुन्हा तिथेच.

विकणाऱ्याच्या पीसीवर अर्धा तास तरी जड गेम चालवून बघा, आणि कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडा. त्यात ३५८४ शेडर (म्हणजे कोअर), ३५२ बिट, ११ जीबी असंच दिसलं पाहिजे. माझ्याकडे एक मुलगा सीलबंद खोक्यातलं '१०५० टीआय' घेऊन आला होता, ऑनलाइन ग्रुपवरून घेतलेलं. ड्रायव्हर बसेना म्हणून आला. जीपीयू-झेडने नावाच्या आधीच 'फेक' असं दाखवलं. आत फर्मी पिढीची, २०१०-११ च्या काळातली चिप, बायोसमध्ये नाव बदललेलं. नाव एक आणि आत माल वेगळा, हे उघड्या बाजारातही होतं बरं का. ३०६० चंच ८ जीबीचं एक रूप २०२२ मध्ये आलं, त्याची बस १२८ बिटची आहे आणि ते सरळ हळू आहे. दुकानात '३०६०' एवढंच म्हणू नका, '१२ जीबी, १९२ बिट' असं बिलावर लिहून घ्या.

विजेचं एकदाच सांगतो. १०८० टीआय २५० वॉट, ३०६० १७० वॉट. ८० वॉटचा फरक, रोज चार तास, वर्षातले तीनशे दिवस धरले तर शंभरएक युनिट होतात. पैशांचा फरक त्यातून भरून निघणार नाही, तेव्हा त्यावर निर्णय घेऊ नका. उन्हाळ्यात खोली कोणतं कार्ड तापवतं ते मात्र कळतं.

मग काय घ्यायचं? तुम्ही फक्त गेम खेळत असता, तेही जुने किंवा ऑनलाइन, आणि खिशात १३ हजारच असते, तर तपासून १०८० टीआय घ्या म्हणालो असतो. पण तुम्ही रेंडर करता, शिक्षणाची अजून दोन वर्षं बाकी आहेत आणि वॉरंटी कामाला येईल. त्यामुळे ३०६० च. पैसे आत्ता पुरत नसतील तर चार महिने थांबा, १०५० टीआयवर मॉडेलिंग चालू राहतं. वापरलेलं, पण बिल आणि वॉरंटी शिल्लक असलेलं ३०६० मिळालं तर तो मधला मार्गही बरा. एएमडीचं आरएक्स ६६०० गेमपुरतं छान, ब्लेंडरसाठी नको. इंटेलच्या आर्क बी५८० ला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसण्याची सोय) लागतो, तो तुमच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरला अधिकृतपणे नाही, म्हणून तेही बाजूला.

आणि कुठलंही कार्ड सांगण्याआधी कॅबिनेटची बाजूची पट्टी काढून एसएमपीएसवरचं लेबल वाचा. तुम्ही '५०० वॉट' लिहिलंय, तो वरचा मोठा आकडा सोडा. खाली तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर (विजेच्या प्रवाहाचं माप, कार्डाची पिढी नव्हे) लिहिलेले असतात. स्वस्तातल्या कित्येक ५०० वॉटवाल्यांवर तिथे १८ अँपिअर असतात. १८ गुणिले १२, म्हणजे २१६ वॉट, आणि त्यातूनच प्रोसेसरलाही द्यायचंय. १०५० टीआयला बहुतेक वेळा वेगळी पॉवर केबलच लागत नाही, त्यामुळे आजवर हे तुमच्या लक्षातच आलं नसणार. १०८० टीआयला कमीत कमी एक ६ पिनची आणि एक ८ पिनची अशा दोन जोडण्या लागतात. त्या नाहीत म्हणून हार्डडिस्कच्या जुन्या पांढऱ्या जोडणीवरून अडॅप्टर लावलेला एक पीसी माझ्याकडे आला होता. अडॅप्टरचं प्लॅस्टिक वितळून कार्डाच्या पिनांवर बसलं होतं, आणि ते पक्कडीने तुकडे करून काढावं लागलं. लेबलचा फोटो काढून इथे टाका, मग ३०६० त्यावर चालेल की आधी एसएमपीएस बदलायचा ते सांगतो.